वरच्या बाकावरचे पिंजरे

धुकं तळ्यावरून उठायचं नाव घेत नव्हतं. रात्री हलकं हिंव पडून गेलं होतं आणि काठाचं गवत पांढरं, ताठ झालं होतं. हिल्कानं होडीतलं पावसाचं पाणी डबड्यानं उपसून काढलं तेव्हा तिची बोटं बधिर झाली. हात बगलेत दाबून धरत ती स्वतःशीच करवादली, मग वल्ही अडकवली आणि लव्हाळ्याच्या कडेकडेनं होडी पुढं काढली. काल संध्याकाळी टाकलेलं जाळं उचलायचं होतं. घरी मांजर आणि नवरा, दोघंही मासळीची वाट बघत बसले असणार.

जाळ्यापाशी पोचायच्या आधीच तिला ती दिसली. कमरेइतक्या पाण्यात, स्वच्छ वाळूवर, भर उजेडात एक शेवंड चालली होती.

आमच्या तळ्यातली शेवंड म्हणजे अंधाराचं जनावर. दिवसभर दगडाखाली नांग्या पुढं करून बसायचं आणि काळोख पडला की चरायला निघायचं, हा तिचा शिरस्ता. ही मात्र पाय ताठ करून, अंग उचलून, पहिल्यांदाच उंच टाचेचे बूट घातलेल्या नवरीसारखी चालली होती. हिल्कानं वल्ह्याच्या टोकानं तिला डिवचलं. धडधाकट शेवंड असती तर शेपटीचा फटका मारून मागच्या मागं पसार झाली असती. हिनं नांग्या लोंबत्या सोडल्या, एका कुशीवर कलली आणि तशीच राहिली. थोडं पुढं आणखी दोन उताण्या पडल्या होत्या. त्यांचे पाय अजून हळूहळू पाणी चाळवत होते.

हिल्काला कुणी काही सांगायची गरज नव्हती. लहान असताना माहेरच्या तळ्यावर बापानं तिला खांद्यावर घेऊन हेच दाखवलं होतं. तेव्हा काठाकाठानं मेलेल्या शेवंडींचा पट्टा पडला होता, आणि वास असा की गाई त्या बाजूला पाणी प्यायला जाईनात. "बघून ठेव," बाप म्हणाला होता, "परत दिसायच्या नाहीत." नाहीच दिसल्या. तिचं लग्न झालं, बाप गेला, पण त्या तळ्यात पुन्हा एक शेवंड कुणी धरली नाही.

"मरी," हिल्का मोठ्यानं म्हणाली. धुक्यात ऐकायला कोणी नव्हतं. तिनं त्या तिन्ही शेवंडी उचलून बादलीत टाकल्या, मग पुढं होऊन जाळं उचललं. त्यात बऱ्यापैकी मासळी होती. थंडीला शिव्या देत तिनं ती सोडवली.

लेह्तोवारा गावात हिल्का तार्वाइनेनला 'पिंजरेवाली' म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे आणि वैतागूनही म्हणायचे. गावातली दूध डेअरी बंद पडली तेव्हा तिचं काम गेलं, आणि त्याच सुमाराला तळ्याच्या मंडळानं हे काम तिच्या गळ्यात घातलं. मंडळ म्हणजे काक्को तळ्याला ज्यांची ज्यांची जमीन टेकते ती सगळी घरं. दक्षिणेकडच्या मोठ्या सरोवरांत परदेशी, ठिपकेवाली शेवंड सोडली गेली होती. तिच्या नांगीच्या सांध्यावर पांढरा ठिपका असतो. ती भराभर वाढते, भरमसाट पिल्लं घालते, आणि स्वतःच्या अंगावर मरी बाळगून मजेत जगते. आमच्या तळ्यातल्या देशी, नदीच्या जातीच्या शेवंडीला त्या मरीचा नुसता वारा लागला की तळंच्या तळं साफ. मरी पायांनी येत नाही. ती शेवंडी धरायच्या ओल्या पिंजऱ्यावरून येते, बुटाच्या चिखलातून येते, होडीच्या बुडाशी साठलेल्या पाण्यातून येते. म्हणून नियम असा, की काक्को तळ्यात जाणारा प्रत्येक पिंजरा आधी हिल्काच्या सौनात, भट्टीवर तापवायच्या त्या लाकडी न्हाणीघरात, भाजून निघाला पाहिजे. भाजून निघाला की ती त्याला जुन्या लाल पडद्याची एक चिंधी बांधायची. बिनचिंधीचा पिंजरा पाण्यात दिसला तर ती तो सरळ उचलून आणायची, मग तो पाद्र्याचा असो की पोलिसाचा.

आणि भाजायचा म्हणजे वरच्या बाकावर. सौनातली धग छताशी असते. वरच्या बाकावर माणसाच्या कानाच्या पाळ्या पोळतात, तेव्हा खाली फरशीवर मांजर सुखानं झोपू शकतं. दिवसभर भट्टी पेटती ठेवायची, पिंजरे वर रचायचे, जाळीचा दोर न् दोर कोरडा ठणठणीत होईपर्यंत दार उघडायचं नाही.

यावरून पहिल्या वर्षी घरात रणकंदन झालं होतं. हिल्काच्या नवऱ्याची, काउकोची म्हातारी आई तेव्हा हयात होती. तिच्या लेखी सौना म्हणजे देवळासारखी जागा. तिथंच बाळंतीण व्हायचं, तिथंच मढ्याला शेवटची आंघोळ घालायची. आत शिवी द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही, वारासुद्धा बाहेर जाऊन सोडायचा. आणि सून त्याच वरच्या बाकावर शेवाळानं बरबटलेले, सडक्या मासळीच्या वासाचे पिंजरे रचतेय!

"माझा काउको या बाकावर जन्मला," म्हातारी म्हणाली होती. "उद्या तिथं डुकरं बांध."

"डुकरांवरून मरी येत असती तर तीही बांधली असती," हिल्का म्हणाली. म्हातारीनं तो सगळा उन्हाळा शेजारच्यांच्या सौनात आंघोळ केली आणि गावभर सुनेची अब्रू काढली. काउको मधे काही बोलला नाही. तो कधीच मधे बोलायचा नाही. घुम्या माणूस, पण कामाला वाघ. पुढं त्यानंच रंधा मारून बाकाच्या फळ्या नव्या केल्या आणि पिंजऱ्यांसाठी वेगळ्या जुन्या फळ्या करून दिल्या. भाजायच्या दिवशी त्या वर अंथरायच्या, आंघोळीच्या दिवशी काढून ठेवायच्या. म्हातारी त्यानंतर पुन्हा घरच्या सौनात यायला लागली, पण शेवटपर्यंत बसायच्या आधी बाक हुंगून बघायची.

आसपासची तळी एकामागून एक गेली. काक्को तळं राहिलं. दर ऑगस्टमध्ये शेपूच्या फुलांचे तुरे घालून उकडलेल्या शेवंडींची परात मंडळाच्या लांब टेबलावर यायची, तेव्हा कुणीतरी पेला उंचावून "पिंजरेवालीच्या नावानं!" म्हणायचं, आणि हिल्का "आधी नांगी नीट चोखायला शिका" असं म्हणून लाल व्हायची.

आता ते तळं तिच्या डोळ्यांसमोर मरत होतं. दोन आठवड्यांत काठ आठवणीतल्या माहेरासारखा दिसायला लागला. मत्स्यखात्याची साना म्हणून एक तरुण बाई येऊन नमुने घेऊन गेली. स्वभावानं बरी होती. जाताना म्हणाली, "हिल्का, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत." हिल्काला ते 'सगळं केलंत' एखाद्या मयताच्या घरी ऐकल्यासारखं वाटलं.

तपासणीचं उत्तर आलं. मरी ठिपकेवाली अंगावर बाळगते त्याच जातीची होती. तळ्यात मात्र एकही ठिपकेवाली सापडली नाही. म्हणजे कुणीतरी दक्षिणेचा ओला पिंजरा, ओली होडी, काहीतरी आणून या पाण्यात बुडवलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गावाला गरजच पडली नाही. तळ्याच्या पल्याडच्या तोंडाला उर्हो राहायचा. एकटा, फटकळ, सगळ्यांशी वाकडं. मंडळाच्या दर बैठकीत तो उठून तेच तुणतुणं वाजवायचा: ठिपकेवाली आणा. आपली शेवंड ताटात बसेपर्यंत माणूस म्हातारा होतो, ती बघा कशी झपाट्यानं वाढते. वर पिंजरे भाजायला आणताना हिल्काला म्हणायचा, "घे, तुझ्या भट्टीत घाल माझी अब्रू." पण आणायचा. दर वर्षी आणायचा. हे त्या सप्टेंबरात कुणाला आठवलं नाही. हिल्कालाही नाही.

दुकानात कॉफीच्या टेबलाशी उर्हो पेपर वाचत बसला होता. हिल्का काउकोला घेऊन पीठ आणि यीस्ट घ्यायला आली होती. टेबलाशी मंडळाचा अध्यक्ष एन्सियो होता आणि दुकान चालवणारी लेम्पी होती.

"काय उर्हो," हिल्का म्हणाली, "झालं का मनासारखं?"

उर्होनं पेपर खाली केला. "कशाचं?"

"तळं रिकामं झालं. आता सोड तुझ्या ठिपकेवाल्या."

"हे बघ, मी बोलतो ते तोंडावर बोलतो. चोरून काही करत नाही."

"जुलैत तुझी होडी गाडीला बांधून कुठं गेला होतास?"

"बहिणीकडं."

"बहीण कुठं राहते?"

उर्होनं पेपरची घडी घातली. बहीण दक्षिणेला राहायची. "होडी तिला दिली मी," तो म्हणाला, "येताना रिकामी गाडी आणली. तिला विचारा."

"बहीण भावाची बाजू घेणारच की," लेम्पी कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"थू तुझ्या तोंडावर," हिल्का उर्होला म्हणाली. "माझ्या बापाचं तळं मेलं तेव्हा निदान ते अज्ञान होतं. तू जाणूनबुजून केलंस. तुझ्या हातचं पाणी कुणी पिऊ नये."

उर्होनं काउकोकडं पाहिलं. दोघं एका वर्गात शिकलेले, एकत्र लाकूडतोडीला गेलेले. "काउको, तू तरी सांग हिला."

काउको पिठाची पिशवी छातीशी धरून उभा होता. त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "चल हिल्का. यीस्ट राहिलं."

त्यानंतर उर्होच्या टपालपेटीत कुणीतरी मेलेल्या शेवंडी भरून ठेवल्या. उर्होनं दुकानात येणं सोडलं. सामान आणायला तो लांबच्या गावाला जायला लागला. एन्सियो म्हणाला, "सापडलं तर सरकार दंड करील, नाही सापडलं तरी गावानं केलाच." हिल्काला तेव्हा ते योग्यच वाटलं.

मग एका रविवारी दुपारी काउकोच्या भावाचा, रेइनोचा फोन आला. काउको लाकडं रचत होता म्हणून हिल्कानं उचलला. रेइनो दक्षिणेला शहरात असायचा, मोठ्या सरोवराच्या काठी. शेवंडी धरायला दर जुलैत यायचाच असं नाही, पण यंदा आला होता. हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी आला, आणि दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी अ‍ॅकॉर्डियन वाजवून त्यानं अख्खं मंडळ नाचवलं. लेम्पीनं त्या दिवशी त्याच्यासाठी वेलदोड्याचा पाव वेगळा बाजूला काढून ठेवला होता.

"वहिनी, ऐकलं मी," तो म्हणाला. "वाईट झालं. असा कसा गं तो हरामखोर शेजारी?"

"असतात माणसं."

"एवढं सांभाळलंस तू. आणि बाई, तुझे ते पिंजरे! माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे."

"कसलं नख?"

"अगं, सौनात. बाकावरून उतरलो आणि खाली रचलेल्या पिंजऱ्यावर पाय. काउको हसून हसून मेला. मी म्हटलं, असे कसे रे पायात ठेवलेस? तर म्हणे, तूच वर बसायला जागा मागितलीस ना."

हिल्कानं फोन एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.

"वहिनी? आहेस का?"

"आहे. कोणते पिंजरे, रेइनो?"

"माझेच की. बाकीच्यांचे झाले होते म्हणे आधीच. मी आणले तेवढे राहिले होते."

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली. तो दिवस तिला स्पष्ट आठवला. रेइनो दुपारी आला. त्याचे पिंजरे ओले होते, दोरात शेवाळ अडकलेलं. तिनं स्वतः ते वरच्या बाकावर जुन्या फळ्या अंथरून रचले, भट्टी भरली, आणि काउकोला सांगितलं, "अंधार पडेपर्यंत लाकूड घालत राहा, दार उघडू नकोस." तिला बहिणीच्या नवऱ्याच्या मयताला जायचं होतं. ती परत आली तेव्हा पिंजरे सौनाच्या ओसरीवर टांगलेले होते. सौना अजून गरम होता. तिनं दारातून हात आत घालून धग बघितली, बरं वाटलं, आणि चिंध्या बांधल्या. तिच्याच हातांनी बांधल्या.

काउको लाकडाच्या ढिगापाशी होता. ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"रेइनोचा फोन होता. त्याचं नख अजून काळं आहे."

काउकोनं हातातलं लाकूड ढिगावर ठेवलं. ते नीट बसलं नाही. त्यानं ते पुन्हा उचलून फिरवून ठेवलं.

"किती वेळ होते ते वर?" तिनं विचारलं.

"होते की."

"किती वेळ, काउको?"

"तू गेलीस... मग थोडा वेळ. तो एवढ्या लांबून आला होता गाडी चालवत. घाम, धूळ. म्हणाला, आधी सौना घेऊ. आता माझ्या सख्ख्या भावाला त्या घाणीत बसवू का? आईच्या बाकावर?"

"म्हणून खाली ठेवलेस."

"बाकाखाली. म्हटलं, खालीही गरमच असतं."

"खाली काय गरम असतं!" ती ओरडली. "या देशात जन्मून तुला सांगू मी, सौनात वर काय असतं आणि खाली काय? वरून तुम्ही पाणी ओतत होतात, ते सगळं त्या पिंजऱ्यांवर. कोमट, ओलं. मरीला तुम्ही न्हाऊ घातलंत!"

"नंतर परत वर ठेवणार होतो. पण गप्पा रंगल्या. मग आग विझली, तसे ओसरीवर टांगले. मग तू आलीस."

"आणि मी चिंध्या बांधत होते तेव्हा तू कुठं होतास?"

काउको लाकडाकडं बघत राहिला. "वाटलं, एकदा काय होतंय. इतकी वर्षं काही झालं नाही."

"इतकी वर्षं काही झालं नाही ते का झालं नाही?"

काउकोनं पुढचं लाकूड उचललं. हिल्काला मात्र आणखी एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारताना तिचा आवाज एकदम खाली आला.

"दुकानात उर्होनं तुझ्याकडं पाहिलं. तेव्हा तुला माहीत होतं?"

"नक्की नव्हतं."

"पण वाटत होतं."

"वाटत होतं," काउको म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू ती मेलेली घेऊन आलीस ना बादलीत, तेव्हाच."

"आणि मला त्याच्यावर थुंकू दिलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्यावर थुंकली असतीस."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं याहून खरं वाक्य उच्चारलं नव्हतं. हिल्का मागं फिरली आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती माडीवरच्या खोलीत झोपायला लागली. काउको सकाळी उठून कॉफी करायचा, तिचा कप झाकून ठेवायचा आणि बाहेर जायचा.

मंडळाची बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. तिथं बोलायचं की नाही, यावर हिल्काचं मन दिवसातून दहादा फिरत होतं. बोललं तर पिंजरेवालीचं नाव गेलं. गावानं तिला दिलेली तीच एक गोष्ट होती. काउकोला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. नाही बोललं तर शेवंडी काही परत येणार नव्हत्या. आणि उर्हो? उर्होला तशीही लोकांची सवय नव्हती. असं तिनं स्वतःला बरेचदा समजावलं. पण टपालपेटीची गोष्ट डोक्यातून जाईना. त्या शेवंडी टपालपेटीत भरणाऱ्याला तिनंच तर रस्ता दाखवला होता.

हॉलमध्ये कॉफी होती, पाव होता, ओल्या कोटांचा वास होता. उर्हो शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. साना पुढं उभी राहून सांगत होती, की तळं काही वर्षं रिकामं ठेवावं लागेल, कुणी काही सोडायचं नाही, मग मरी पूर्ण गेली याची खात्री झाली की नदीची शेवंड पुन्हा आणता येईल. ठिपकेवाली या भागात सोडायला परवानगी नाही, कुणीही मागू नये.

"काही वर्षं म्हणजे?" एन्सियोनं विचारलं.

"पाच, सात. मग त्या धरण्याजोग्या व्हायला आणखी तेवढीच."

"म्हणजे आमच्या मयताच्या जेवणाला," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

हिल्का उठली. बाजूच्या खुर्चीवर काउको होता. त्यानं तिच्या कोटाची कड धरली नाही. फक्त टोपी हातात घेऊन गुडघ्यावर दाबून बसला.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "मरी उर्होनं नाही आणली. ती माझ्या सौनातून आली. रेइनोचे पिंजरे भाजले गेले नाहीत. ते बाकाखाली ठेवले होते आणि मी न बघता चिंध्या बांधल्या. चूक माझ्या घराची आहे."

लोक एकमेकांकडं बघत होते, एखाद्या म्हाताऱ्या बाईनं भलत्याच वेळी स्तोत्र म्हणायला सुरुवात केल्यासारखे.

"बस हिल्का," एन्सियो प्रेमानं म्हणाला. "तू खूप मनाला लावून घेतलंस."

"मी खरं सांगतेय."

"रेइनोच्या पिंजऱ्यात कुठली आलीय मरी!" लेम्पी म्हणाली. "इतका देवमाणूस. त्या दिवशी कसा वाजवत होता. त्याच्यावर काय घालतेस, बाई? दिराचं तरी राख काही."

"अगं, त्याच्यावर नाही घालत. आमच्यावर घालतेय!"

"साना, तुम्ही सांगा," एन्सियो म्हणाला. "या पिंजऱ्यातून की त्या होडीतून, सिद्ध होतं का?"

सानानं हिल्काकडं पाहिलं. "आता नाही होत सिद्ध," ती म्हणाली. "पिंजऱ्यांतून येऊ शकते, हे मात्र खरं."

"झालं तर मग. सिद्ध होत नाही." एन्सियोनं टेबलावर बोटांनी ताल धरला. "हिल्का, आम्हाला माहीत आहे तू कशी आहेस. शेजाऱ्याला पाठीशी घालायला निघालीस. पण सगळ्या गावाला माहीत आहे दर वर्षी इथं उभं राहून ठिपकेवाली कोण मागत होतं."

मधल्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता ठिपकेवालीला परवानगी तरी कोण मागतंय? दक्षिणेहून एक बादली आणली की पुरते." पुन्हा हशा झाला. दबका, खुशीतला. हिल्कानं मान वळवली. हसणारा उर्हो नव्हता. उर्होच्या पुढच्या चार रांगा हसत होत्या. त्यांत ते सगळे होते ज्यांनी परातीवर तिच्या नावानं पेले उंचावले होते.

"हे मी ऐकलं नाही," एन्सियो सानाकडं बघत म्हणाला, आणि त्याचंही तोंड हसू दाबत होतं. "पुढचा विषय घेऊ."

हिल्का उभीच होती. मग ती बसली, कारण उभं राहून करायचं काही उरलं नव्हतं. काउको टोपीकडं बघत होता.

बैठक सुटल्यावर ती उर्होच्या मागं धावत बाहेर गेली. तो सायकलचं कुलूप काढत होता. बारीक पाऊस पडत होता.

"उर्हो, मी सांगितलं त्यांना."

"ऐकलं."

"विश्वास नाही ठेवला त्यांनी. पण मी पुन्हा सांगीन. प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगीन."

"काय करायचंय?" उर्हो म्हणाला. "त्यांना मी हवा आहे. तू नकोस."

"मला माफ कर."

उर्होनं कुलूप खिशात टाकलं. "मी दर वर्षी पिंजरे आणले तुझ्याकडं. हसलो तुला, पण आणले. तुला आठवायला हवं होतं." तो सायकलवर बसला. "कबूल केलंस, तुला हलकं वाटत असेल. मला काही वाटत नाही. माफीबिफी माझ्याकडं मागू नकोस, माझ्याकडं नाहीय ती."

तो गेला. सायकलचा दिवा बराच वेळ झाडांतून दिसत राहिला. काउको मागून येऊन तिच्याजवळ उभा राहिला होता.

"मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

दोघं गाडीत बसले. वाटेत काउको एकदाच म्हणाला की लोक ठिपकेवालीची बादली आणतील, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नक्की आणतील. हिल्का खिडकीबाहेर बघत होती. तळं झाडांमागं होतं, पण काळोखात ते दिसत नव्हतं, आणि दिसलं नाही हे तिला बरंच वाटलं.

सकाळी आभाळ मोकळं होतं आणि रात्री कडक हिंव पडणार हे दिसत होतं. बटाटे अजून जमिनीत होते. हिल्कानं रबरी बूट चढवले, काटेफावडं घेतलं आणि मागच्या शेतात गेली. माती ओली आणि जड होती. पहिल्या ओळीचे बटाटे उपटून तिनं चिखल झटकला, आणि कापलेले, किडलेले एका बाजूला टाकत गेली. काही वेळानं काउको दोन बादल्या घेऊन आला आणि बांधावर उभा राहिला. कुठून सुरू करू, हे विचारायची त्याला हिंमत होत नव्हती.

"पलीकडची ओळ धर," ती मान वर न करता म्हणाली. "आणि खोलवर घाल फावडं. वरवर खणतोस, निम्मे खालीच राहतात."

तो पलीकडं गेला आणि खणायला लागला.